पाटलांच्या विहिरीवरचा माझा सत्कार

आता हसणारच असाल, तर चहा आधी संपवा. उगाच ठसका लागायचा! भर गावासमोर माझी जी फजिती झाली ती दुसऱ्या कुणी केली नाही हो, मीच पाया खणून, चुना कालवून उभी केली.

मी मूळचा निजामाच्या मुलुखातला गवंडी. ठाण्याला आलो तेव्हा हातात फक्त थापी होती, पुढे देवाच्या कृपेने कंत्राटदार झालो. खाडीकाठच्या किरिस्तावांच्या गावात पास्कू पाटलांनी मला विहिरीचा कठडा बांधायला दिला. माझा डोळा मात्र त्यांच्या नव्या चर्चच्या कामावर! ते मिळालं, तर गावाहून आणलेल्या माझ्या सगळ्या माणसांची चूल पेटती राहणार होती. आणि ते कुणाला द्यायचं, हे ठरवणार पाटील.

पाटील म्हणाले, "शनवारी सांजचे कठडा तयार पायजे हां! आखा गाव येनार वेहेरीवर, वाजंत्री घेऊन."

वाजंत्री? विहिरीवर? मग कठड्याचं उद्घाटन नाही तर काय, तुम्हीच सांगा! पूल पुरा झाला की साहेब येतो, बाजा वाजतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं.

बायको म्हणाली, "अहो, कशाला येतायत ते विचारून तर घ्या."

"वेडी का तू? स्वतःच्या सत्काराची चौकशी स्वतः करायची?"

शनिवारी दुपारपर्यंत चुना ओलाच होता. तरी मी जरीचा फेटा बांधला, पेढे घेतले आणि कठड्याशेजारी छाती काढून उभा राहिलो.

आले की हो सगळे! पुढे वाजंत्री, मागे लाल लुगड्यांतल्या बाया, मधोमध छत्रीखाली पाटलीणबाई. हातात फुलांची माळ घातलेला घडा. केवढा हा मान! मला अगदी भरून आलं.

मी पुढे झालो आणि थेट छत्रीखाली शिरलो. घड्याची माळ काढून स्वतःच्या गळ्यात घातली, म्हटलं बाईमाणसाला कशाला संकोच! मग पोहरा सोडला, पाणी काढलं, ओंजळभर प्यालो आणि भाषण ठोकलं. "मंडळी, या गरिबाचा एवढा गौरव केलात..."

वाजंत्री थांबली.

एक म्हातारी म्हणाली, "यो कोन रं? नवरा त घरान बसलाय!"

"नवरा? कुणाचं लग्न आहे?"

"माझे पोऱ्याचा!" पाटलीणबाई कडाडल्या. "त्याचे आंगोलीचा पानी न्यायला आयलो आमी. न् तू पिऊन बसलास!"

लग्नाआधी नवरदेवाच्या अंघोळीला वाजतगाजत विहिरीचं पाणी न्यायची त्यांची रीत मला कुठून ठाऊक? चर्चचं काम त्याच विहिरीत बुडालं असं समजून मी माळ काढली आणि पाटलांचे पाय धरायला वाकलो. तर पाटील पोट धरून हसतायत! माझे पेढे त्यांनीच गावाला वाटले आणि मला दंडाला धरून मांडवात जेवायला नेलं. काय जेवलो म्हणून सांगू! आपल्या माणसांत बसल्यासारखं वाटलं.

हात धुताना धीर करून विचारलं, "पाटील, चर्चचं काम?"

"तुलाच दिला. कठडा बेस बांधलास. पन एक अट हाय. माझे धाकल्याचा लगीन वैशाखान. त्याचे आदले दिशी तू ठाण्यान दिसायचा नाय. कल्याणला जा!"

चर्च ठरल्या मुदतीपेक्षा बरंच उशिरा उभं राहिलं, ते सोडा. पण वैशाखात मी एक दिवस आधीच कल्याण गाठलं. माझ्या उभ्या धंद्यात मुदतीआधी पार पाडलेलं काम तेवढं एकच!