प्रमाणबद्ध हनुवटी

नातवाच्या लग्नात फोटो बरे यावेत म्हणून वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी हनुवटीत इंजेक्शनं घेतली. हसा, मीही हसते. पण मला सुई टोचणारा आमचा डॉक्टर तुम्हाला भेटला असता, तर तुम्हीही मान पुढे केली असतीत. सौंदर्याबद्दल इतका ठाम माणूस साऱ्या मालवण किनाऱ्यावर दुसरा नाही.

आमच्या दारी मासळी आणणाऱ्या आचरा गावच्या बाईचा हा मुलगा. डोकीवर पाटी वाहून तिने त्याला डॉक्टर केलं. तो माणसाच्या डोळ्यांत बघतच नाही, हनुवटीकडे बघतो. कुणी मुरमं घेऊन जावं, याने हनुवटीला मोजपट्टी लावावी. फोंडाघाटचे एक मास्तर टक्कल दाखवायला गेले, ते हनुवटी वाढवून आले. टक्कल होतं तिथेच. धामापूरच्या देवळात हा हात जोडून तल्लीन उभा दिसला. म्हटलं, पोर देवभोळं निघालं. तर माझ्या कानाशी कुजबुजला, "काकी, देवीची हनुवटी बघा. अगदी प्रमाणात!" वर म्हणतो, यात आवडीनिवडीचा संबंधच नाही, हे निव्वळ शास्त्र. शास्त्रच असणार. त्याशिवाय त्याच्या दवाखान्यातून निघालेल्या सगळ्या बायका सख्ख्या बहिणी कशा दिसल्या असत्या?

माझी सूज उतरली आणि आरशात बघते तर काय, टोकदार, पुढे आलेली, ओळखीची हनुवटी. कुणाची ते आठवलं आणि मी आरसा पालथा घातला. डॉक्टरच्या आईची! नवी सून होते तेव्हा मी स्वतःला मोठी रूपवती समजत असे. ओट्यावरून तिच्याशी घासाघीस करायची आणि ती पाटी उचलून वळली की जावेला ऐकवायची, "हिच्या हनवटेक दोन बांगडे टांगूक येतले!" वळलेल्या माणसालाही कान असतात, एवढी अक्कल त्या रूपवतीला नव्हती.

लग्नाला ती मुलाचा हात धरून आली. मी पदराने हनुवटी झाकली, तो तिने अलगद बाजूला केला. डॉक्टर आपली कारागिरी न्याहाळत खुशीत उभा. त्याच्या काहीच लक्षात नाही. तिने आपला खरखरीत अंगठा माझ्या हनुवटीवरून सावकाश फिरवला.

"तेव्हाचा मनात धरू नको गो," मी पुटपुटले.

तिने एकदा मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरी दिसता गो तुका. माझ्या तोंडार होती, तेव्हा ह्या माझ्या झिलाक सोडून कोणाक बरी दिसाक नाय."