अंगठ्याने सांगितलेलं

सकाळपासून आभाळ नुसतं कोंदलेलं. ऊन नाही, पाऊस नाही. वारा तेवढा दाराखालून धूळ आत लोटत होता. वॅटवहिनी दुकानाच्या मागच्या टेबलाशी बसून एका पंख्याची पाती ब्रशने झाडत होती आणि पुढे काउंटरवर धाकटा दीर येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा छाटत होता.

वॅटवहिनी हे नाव गल्लीने दिलेलं. नवरा गेल्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं हे दुकान दोघांनी चालवलं, त्याला पंधरा वर्षं झाली. दीर तोंडाचा, ही हाताची. कुणी नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन आलं की हिचा पहिला प्रश्न ठरलेला: वीज खातं किती? मग माणूस कितीही घाईत असो, त्याला समजावल्याशिवाय सोडायची नाही. कार्ड ज्या खाचेत बसतं ती खाच देते पंचाहत्तर वॅट. जुनी आठ पिनांची केबल देते दीडशे. आताची मोठी कार्डं मागतात साडेचारशे, म्हणून हा नवा कनेक्टर आला. बारा पिना जाड, चार बारीक. एकटा सहाशे वॅटपर्यंत वाहतो. पण एवढ्याशा तोंडातून एवढं जायचं तर तो पुरता आत बसायला हवा. नखाएवढी फट राहिली तरी पिना तापतात आणि प्लॅस्टिक मेणासारखं ओघळतं. कनेक्टरपासून दोन बोटं तरी केबल सरळ ठेवायची, तिथंच मुरडायची नाही. आणि दुसऱ्या पॉवर सप्लायची केबल, तोंड जुळतंय म्हणून, लावायची नाही. दिसायला सख्ख्या बहिणी, आत तारांचा क्रम निराळा.

तिची स्वतःची खूण वेगळीच होती. हा नवा कनेक्टर बसल्याचा आवाज धड करत नाही आणि कॉम्प्युटरच्या अरुंद डब्यात त्याची खालची कड दिसत नाही. ती शेवटी कडेवरून अंगठा फिरवायची. अंगठ्याने 'बसलं' म्हटलं की बसलं. बॅटरी लावून वाकून बघणाऱ्यांना ती हसायची.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला कॉम्प्युटरवर घरांची रंगीत चित्रं करून देणारी एक बाई आपला डबा कडेवर लेकरू घ्यावं तसा घेऊन आली. दहा दिवसांपूर्वी वहिनीनेच त्यात कार्ड बसवलं होतं. काल काम करताना जळका वास आला आणि पडदा काळा झाला. आपण झाकण उघडलंसुद्धा नाही, असं बाई दोनदा म्हणाली. दिराने तिला पाणी दिलं, असल्या कनेक्टरच्या तक्रारी जगभर आहेत म्हणून सांगितलं आणि संध्याकाळी फोन करतो म्हणून वाटेला लावलं.

वहिनीने झाकण काढलं. कनेक्टरची खालची कड तपकिरी झालेली, दोन पिना प्लॅस्टिकमध्ये बुडालेल्या. वरच्या बाजूला तो टेकलेला होता, खालून फट होती. केबल कुठे ताणलेली नव्हती, मुरडलेली नव्हती. म्हणजे फट पहिल्या दिवसापासूनची.

"कंपनीचा माल फुसका, दुसरं काय," दीर मागून म्हणाला. "परत पाठवू. ते देतील बदलून."

वहिनीने मान हलवली. मग इतके महिने गिळून ठेवलेलं तिने सांगून टाकलं. रक्तातल्या साखरेने बोटं मेलीत, स्पर्श कळत नाही. आधी पाय गेले. चप्पल वाटेत निसटायची आणि घरी आल्यावर कळायचं. बधिरपणा हातांपर्यंत आला तेव्हा ती डॉक्टरकडे गेली. आहे ते सांभाळा, गेलेलं परत येत नाही, एवढं ऐकून ती तशीच दुकानात आली आणि त्याच दुपारी दोन डबे जोडले.

दिराला पटेना. त्याने टेबलावर एक बंद पडलेलं कार्ड ठेवलं, केबल घेतली आणि तिला डोळे मिटायला लावलं. तो कनेक्टर कधी पुरता बसवणार, कधी थोडा बाहेर ठेवणार. हिने अंगठा फिरवून सांगायचं. पाच वेळा झालं. पाचही वेळा ती म्हणाली, बसलं.

"पाचही बरोबर, वहिनी," तो म्हणाला. "उगाच घाबरवलंत."

तिने डोळे उघडले. कनेक्टर अर्धा बाहेर होता. तिने हात लावला तेव्हा तो निसटायच्या बेतात होता. दीर खाली बघत होता.

मग तो म्हणाला, बॅटरी आहे, आरसा आहे, डोळ्यांनी बघून बसवा, मी बघेन तुमच्यामागून. तिने नको म्हटलं नाही. कनेक्टर डोळ्यांनी बघता येईल. पण सोल्डरिंगचं तापलेलं टोक बोटाच्या कातडीवर टेकलं तर ते आधी वासाने कळायचं, हे परवाच झालं होतं. ते तिने सांगितलं नाही. गेल्या चार महिन्यांत तिने अशी किती कार्डं बसवली, ते ती मनात आठवत होती. चौदापर्यंत आली. कुणाच्या घरी, कुणाच्या पलंगाजवळ, कुठे पडद्याला लागून.

"त्या बाईला काय सांगू?" दिराने विचारलं.

"वहिनीने नीट बसवलं नाही म्हणून सांगा."

"दुकान बसेल, वहिनी."

"बसू दे. बाकीच्यांनाही फोन करा. वापरू नका म्हणावं, आम्ही येऊन बघतो."

तो वही काढून बसला. पहिला फोन लागला तेव्हा त्याचा नेहमीचा हसरा आवाज आपोआप निघाला आणि मध्येच अडखळला. वहिनीने जळका डबा कापडाने झाकून बाजूला सारला. शाळेचा एक प्रिंटर कालपासून कागद अडकून पडला होता. तिने तो पुढ्यात ओढला, त्याचं मागचं झाकण उघडलं आणि चिमट्याने कागदाचे तुकडे एकेक करून काढायला लागली.