रेश्माचा एक टर्नओव्हर

मंडळी, आज सकाळी झेंडूचे क्रेट टेम्पोत चढवत होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. आमच्या रेश्माच्या कालच्या मॅचचे आकडे आले होते.

रेश्मा म्हणजे अमरावतीच्या शाळेतली माझी बास्केटबॉलची जोडीदार. ती आता परराज्यात एका व्यावसायिक टीमकडून खेळते. मी इकडे नांदगाव खंडेश्वरला सासरची फुलशेती पाहते. तिची मॅच इथे दिसत नाही, म्हणून मी आकडेच वाचते.

टीम जिंकली होती. रेश्माचे पॉइंट, रिबाउंड, असिस्ट, सगळं झकास. फक्त टर्नओव्हरच्या रकान्यात एक होता. म्हणजे तिनं एकदा बॉल फुकट घालवला.

रेश्मा आणि बॉल घालवणार? शाळेत तर ती न बघता पास द्यायची. मी डाव्या कोपऱ्यात असणारच, हे तिला माहीत असायचं.

चिडवायला मेसेज केला, "काहून वं, बॉल कोणाले देऊन आली?"

"अवं, गाडी निघून राहिली, ठेव तो मोबाईल!" नवरा ओरडला. मी तशीच उभी राहिले.

रेश्माचं उत्तर आलं, "सवयीनं डाव्या कोपऱ्यात फेकला. मंग पाह्यलं, तं तिथं कोणीच नव्हतं वं."

झेंडूनं पिवळी झालेली बोटं पदराला पुसून मी ते आकडे पुन्हा उघडले.

आकड्यांत ती चूक म्हणून लागली आहे. तुमची जागा रिकामी झाली हे विसरून, तुम्हाला अजून कुणी पास टाकतं का हो?