जोडवी घट्ट झाली तेव्हा

बायकोच्या पायांना सूज आली तेव्हा मी तिला डॉक्टरकडे नेलं नाही, सोनाराकडे नेलं.

यात माझी काही बाजू असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. बरीच शोधली, सापडली नाही.

त्याचं असं झालं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, तिच्या भाच्याचं लग्न तोंडावर आलं होतं आणि तिच्या पायातली जोडवी बोटांत रुतायला लागली होती. सकाळी ठीक असायचं. संध्याकाळपर्यंत बोटं अशी फुगायची की चांदी दिसेनाशी व्हायची. ती म्हणाली, "अहो, पाय जड वाटतात हो." मी म्हटलं, "पाय नाही, तूच जड झालीस. पाय बिचारे खालच्या मजल्यावर राहतात, त्यांना आधी कळलं." स्वतःच्या या वाक्यावर मी इतका खूश झालो की तिला स्कूटरवर मागे बसवून थेट मार्केटातल्या सोनाराकडे गेलो.

सोनाराने बारीक पक्कड घालून जोडवी कापली. बोटाभोवती खोल वळ उठला होता आणि पावलावर जिथे त्याचा अंगठा टेकला होता तिथे खळगा पडला होता. तो खळगा भरून येईना. मी वाकून पाहिलं आणि म्हटलं, "बघा, कणीक चांगली मळलीय. झाकून ठेवा, पुऱ्या मऊ होतील." सोनार हसला. ती पण हसली. नवी जोडवी मी एक माप मोठी घ्यायला लावली. "संक्रांतीचा तिळगूळ अजून यायचाय, जागा असू दे," असंही वर म्हणालो.

मी कोण, तर पावणे एमआयडीसीतल्या एका केमिकलच्या कारखान्यात मेन्टेनन्सला आयुष्य काढलेला माणूस. माझं काम पंपांचं. दारातून आत शिरताना आवाजावरून सांगायचो की तीन नंबरचं बेअरिंग जातंय, याला आज उघडा. साहेब लोक चकित व्हायचे. रिटायर झालो आणि पंप गेले, मग उरलं तोंड. कोपरखैरण्यात आमच्या बिल्डिंगखाली एक छोटी बाग आहे. संध्याकाळी तिथल्या बाकावर आम्ही पाच-सहा रिकामे म्हातारे जमतो आणि मी गोष्टी सांगतो. सगळ्या गोष्टींत गाढव मीच असतो, हा माझा नियम. म्हणजे असं मी समजत होतो. त्या हिवाळ्यात हळूहळू गाढवाच्या जागी बायको आली आणि मला पत्ता लागला नाही. खरं तर लागला होता. पण टाळ्या जास्त पडत होत्या.

माल रोज नवा मिळत होता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. ती भाजी घेऊन आली की दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबायची, पर्स उघडायची आणि किल्ली शोधायची. किल्ली माझ्याकडे असायची. दोघांनाही ते माहीत होतं. मी वरून कठड्यावरून डोकावून विचारायचो, "सापडली का गं?" ती मान वर न करता म्हणायची, "शोधतेय." पुरेसा श्वास आला की पर्स बंद.

मग उशा. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. तिसरी माझी होती. नंतर गोधडीची घडी करून तीही वर. मी टॉवेल गुंडाळून डोक्याखाली घेतला आणि बाकावर जाहीर केलं की आमच्याकडे आता सिंहासन आहे, महाराणी बसूनच झोपतात, प्रजा सतरंजीवर. आडवं झालं की खोकला येतो म्हणाली, तर मी म्हटलं की तो माझ्या आईचा खोकला आहे, जाताना सुनेच्या नावावर करून गेली. अर्धी चपाती खाल्ली की पोट भरल्यासारखं वाटतं म्हणाली. तिकडे वजन मात्र वाढत होतं. मी म्हटलं, "नवी मुंबईची हवाच पौष्टिक, नुसता श्वास घेतला तरी माणूस फुगतो."

तिने हळूहळू सांगणं कमी केलं. मला वाटलं, बरी झाली.

आमच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची पूजा असते. सकाळी झेंडा, दुपारी तीर्थप्रसाद, संध्याकाळी गच्चीवर कार्यक्रम. पोरं नाचतात, बायका उखाणे घेतात आणि शेवटी मी. त्या वर्षी मी नक्कल बसवली होती, 'आमची ही जिना चढते'. पदर खोचला, हातात दोन पिशव्या घेतल्या आणि गच्चीच्या टाकीच्या तीन पायऱ्यांवर कार्यक्रम सुरू केला. एक पायरी, उसासा. दुसरी पायरी, कमरेवर हात. मग पर्स काढली आणि किल्ली शोधली. लोक खुर्च्यांवरून पडायचे राहिले. मग उशांचा डोंगर रचून त्यावर बसून घोरलो, मधेच दचकून उठलो आणि खिडकीशी जाऊन माशासारखं तोंड उघडझाप केलं. ते मी तिला दोन रात्री करताना पाहिलं होतं. मग चप्पल. पट्टा लागत नाही म्हणून पायाला रागावणारी ती. अर्धी चपाती. सगळं घेतलं. एवढी सुंदर नक्कल मी आयुष्यात केली नव्हती.

ती पहिल्या रांगेत होती. ती हसायला लागली आणि हसता हसता पुढे वाकली, हात गुडघ्यांवर ठेवून. मला वाटलं, काय दाद आहे! मी आणखी एक पायरी चढलो.

तिच्या शेजारी आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई बसल्या होत्या. मूळ इथल्याच गावच्या, बिल्डिंग उभी राहण्याआधी इथे त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती. त्या उठून ओरडल्या, "ओ दादा, बस करा! वयनी हसत नाय, तिला धाप लागलीय! पानी आना कोनी!"

माइक माझ्या हातात होता. मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "बघा, मूळ कलाकाराने स्वतः सादर केलं."

थोडे लोक हसलेही. ते मला आजही नीट ऐकू येतं, ते थोडे लोक.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडी नेसून तयार बसली होती. "दवाखान्यात जायचंय," म्हणाली. "तुम्ही आला नाहीत तरी चालेल." मी गेलो, अर्थात. तिथेही प्रेक्षक असतातच.

आमच्या जुन्या डॉक्टरांची सून आता दवाखाना बघते. लहानशी, चष्मा लावलेली, कमी बोलणारी. तिने बायकोला विचारलं, "रात्री उशा किती लागतात, काकी?"

मी म्हटलं, "दोन तिच्या आणि एक चोरीची."

"चालताना दम लागतो? पूर्वीपेक्षा जास्त?"

"तिला नाही लागत हो, तिला किल्ली हरवायची सवय आहे."

"झोपेतून उठून बसावं लागतं?"

"खिडकीशी जाते, चंद्र बघायला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, धाप तुम्हाला लागते का?"

"छे."

"मग तुम्ही बाहेर बसा."

मी बाहेर बसलो. दार पातळ होतं. आत प्रश्न पुढे चालू राहिले. पाय संध्याकाळी सुजतात का, चप्पल घट्ट होते का, थोडं खाल्लं की पोट भरतं का, आडवं झाल्यावर खोकला येतो का, थोड्या दिवसांत वजन वाढलं का. प्रत्येक प्रश्नाला बायको आतून हळूच "हो" म्हणत होती, आणि मी बाहेर बाकावर बसून बोटांवर मोजत चाललो होतो. कारण हा सगळा माझा कार्यक्रम होता. क्रम थोडा वेगळा, पण एकही आयटम सुटला नव्हता. जे डॉक्टर शोधत होत्या ते सगळं मी आधीच शोधलं होतं, पाठ केलं होतं आणि माइकवरून सगळ्या सोसायटीला दाखवलं होतं. नक्कल करायची तर माणसाकडे नीट बघावं लागतं. मी तिच्याकडे इतकं नीट बघितलं होतं की माझ्याइतकं कुणीच बघितलं नसेल. 'मला दिसलं नाही' एवढं म्हणायची सोयसुद्धा मी स्वतःला ठेवली नव्हती.

आत बोलावलं तेव्हा डॉक्टरीणबाई तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरत होत्या. अंगठा काढला. खळगा तसाच. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे असं कधीपासून आहे?" मला तारीख माहीत होती, जोडव्यांची पावतीही घरी होती. मी म्हटलं, "लक्षात नाही."

त्याच दुपारी वाशीच्या एका हॉस्पिटलात नेलं. छातीचा फोटो, रक्त, इको. तिथल्या डॉक्टरांनी 'हार्ट फेल्युअर' म्हटलं. फेल म्हणजे बंद पडलं असंच मी समजलो. पण ती तर समोर बसून नर्सला नाव सांगत होती. डॉक्टरांनी समजावलं, बंद नाही पडलेलं, कमजोर झालंय. पंप जेवढं रक्त पुढे ढकलायला हवा तेवढं ढकलत नाही, मग पाणी मागे साठतं, आधी पायांत, मग फुफ्फुसांत. म्हणून आडवं झालं की गुदमरतं. "लवकर आला असतात तर बरं झालं असतं. पण अजून वेळ गेलेली नाही. यातली एक जरी खूण परत दिसली तर वाट बघू नका." पंप, दाब, मागे साठणारं पाणी... ते हे सगळं माझ्याच भाषेत सांगत होते आणि मी शिकाऊ पोरासारखा मान हलवत होतो.

गोळ्या सुरू झाल्या, त्यातली एक लघवीची. पाणी उतरलं तशी ती एका उशीवर आली. मीठ कमी झालं. लोणचं, पापड, सुकट बंद. रोज सकाळी चहाच्या आधी वजन करायचं आणि दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर लगेच फोन करायचा, असं बजावलं होतं. मी वजनकाटा आणला. नक्कल बंद केली. बाकावरच्या मित्रांना सांगितलं की यापुढे बायकोवर एक शब्द नाही, परत गाढव मीच. मी सुधारलो होतो. निदान मला तसं वाटत होतं. वजन बघायला मी रोज काट्याजवळ उभा राहायचो आणि आकडा आला की एखादा विनोद करायचोच. आता प्रेमाने करत होतो. त्यानं काय फरक पडतो, हे मला अजून कळायचं होतं.

गणपती झाले. घरी पाहुणे, त्यांच्यासाठी तळण, आणि तीही माणूसच, दोन पापड तिने खाल्ले असतील. त्या गडबडीत वजनकाटा पलंगाखालीच राहिला आणि मी बाहेरच्या खोलीत झोपत होतो. विसर्जनानंतरच्या एका संध्याकाळी मी बाकावर बसलो होतो. गोष्ट रंगात आली होती, तीच, पंप दुरुस्त करताना मी साहेबाच्या नव्या शर्टावर तेल उडवलं ती. एवढ्यात आमच्या मुलीची गाडी गेटातून आत आली. मुलगी कामोठ्याला राहते. मी हात केला, तिने बघितलं नाही. मी म्हटलं, "लेक आली, डबा आणला असेल," आणि गोष्ट पुढे चालू केली. तेल अजून शर्टावर उडायचं होतं.

गोष्ट संपवून टाळ्या घेऊन वर गेलो तर दाराला कुलूप. फोन लावला. मुलगी म्हणाली, "बाबा, आईला घेऊन हॉस्पिटलात आलेय. तिला सकाळपासून धाप लागत होती. काल रात्री पण बसून होती." एवढं सांगून तिने फोन ठेवला. गाडी माझ्या पाठीमागूनच गेटाबाहेर गेली असणार, गोष्टीच्या भरात मला कळलंही नाही.

म्हणजे बायकोने कामोठ्याला फोन केला होता. मुलगी ऑफिसातून निघून गाडी काढून, सायन-पनवेलचं ट्रॅफिक कापत आली, तोवर ती एकटी खिडकीशी बसून राहिली. आणि त्या खिडकीच्या बरोबर खाली, हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर, मी बसलो होतो. कदाचित तिला माझा आवाजही येत असेल. टाळ्या तर नक्कीच.

मी पोचलो तेव्हा तिला वॉर्डात आणलं होतं. नाकात ऑक्सिजनची नळी, पाठीमागे पलंग वर उचललेला. इंजेक्शनने पाणी उतरायला लागलं होतं, धोका टळला होता. मुलगी औषधं आणायला खाली गेली. मी स्टुलावर बसलो. तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं, मग परत सारखं केलं.

शेवटी म्हटलं, "मी खालीच तर होतो. मला का नाही सांगितलंस?"

ती डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली. मग तशीच, डोळे न उघडता, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "तुम्हाला सांगितलं की आधी हसावं लागतं. तेवढा दम नव्हता."