मंगळाताईचा ळ

काल इचोड्याच्या एका ढाब्याच्या पाटीसाठी मी जुन्या छपाईच्या वळणाचे, अक्षरांच्या टोकांना बारीक शेपट्या असलेले सेरिफ फॉन्ट पाहत होते. एक फारच देखणा निघाला, पण 'पातळ भाजी' लिहिलं तर ळच्या जागी नुसता रिकामा चौकोन उमटला. ढाब्याचे मालक म्हणाले, "ल टाका ना मॅडम, कोन पाह्यते?" माझं डोकंच तापलं. तो फॉन्ट मी तिथंच सोडून दिला.

असंच मीही एकदा बोलले होते. माझ्या मोठ्या बहिणीच्या, मंगळाताईच्या लग्नपत्रिका आणायला आम्ही दोघी आदिलाबादच्या छापखान्यात गेलो होतो. आत शाईचा आणि रॉकेलचा वास कोंदला होता. अजून ओलसर असलेल्या पत्रिकेवर लाल अक्षरांत नाव होतं, 'मंगला'.

ताईनं त्या नावावर बोट ठेवून ळ मागितला, तर छापखान्याचे मालक म्हणाले, "ळ का टाइप नहीं है हमारे पास. ल चलता है. शादी तो होगी ना?"

मी ताईच्या कानाशी लागले, "चाल ना, काऊन तमाशा करून राह्यली? ल नं का होते?"

ताईनं सगळा गठ्ठा त्यांच्याकडे परत सरकवला. "मंग त्या मंगलाचंच लगन लावा. माहं नाव मंगळा हाय."

तेव्हा मला तिची लाज वाटली होती. आता माझीच वाटते.

मालकांनी कुरकुरत छपाईच्या अक्षरखिळ्यांचा खण उपसला आणि तळातून झिजलेला एक ळ काढला. म्हणजे तो होता. शोधायचा फक्त कंटाळा होता.