ग्रिझल पेटिग्रू आणि लालनडग्याची कुत्री

आमच्या सखल मुलखात डोंगराकडच्या माणसाला नावं भारी. थंडीत उघड्या पायांनी हिंडतो म्हणून लालनडगा, ढोरं पळवतो म्हणून केटरन, बोली आयरिशांसारखी, कळत नाही म्हणून आयरिश. डनब्लेनच्या वाटेवर गुत्ता चालवणारी ग्रिझल पेटिग्रू ही तिन्ही नावं एका दमात घ्यायची. दम उरलाच तर चौथं नवं काढायची.

दर ऑक्टोबरात फॉल्कर्कच्या बाजाराला डोंगराकडची काळी ढोरं खाली उतरायची. त्यातला डोंगरी फार्कर मॅकफीचा कळप ग्रिझलच्याच कुरणात थांबायचा. ढोरं विकली की फार्कर बटाटे काढायच्या मजुरीला इकडंच राहायचा आणि ढोरं हाकायच्या आपल्या कुत्रीला एकटीला घरी धाडायचा. ऐंशी मैल, आल्या वाटेनं, ठरल्या दारांत जेवत. कुत्री अंगणात आली की त्याची बायको समजायची, धनी धड आहे, ढोरं विकली.

ठरल्या दारांतलं एक ग्रिझलचं; त्या साली कुत्री तिथं आलीच नाही. ग्रिझलनं दोन दिवस लापशी मांडून ठेवली. तिसऱ्या दिवशी कळलं, गिरणीवाल्या वॉटी रँकिननं ती बेवारशी समजून बांधून घातलीय. ग्रिझल तडक गिरणीवर.

"सोड तिला, वॉटी."

"का म्हणून? गिरणीत उंदरं लई झालीत, काकी."

"मग मांजर पाळ की, मेल्या!"

"केटरनची कुत्री ही. तुला कवापासनं लालनडग्यांचा पुळका आला?"

"पुळका? चोर, उघडे, आयरिश मेले! मागल्या साली त्या फार्करनं माझा चुलीचा चिमटा नेला." तोंड चालू, हात दोरीच्या गाठीवर. "पण तिकडं वर त्याची बायको दारात उभी असंल. कुत्री यायचा दिवस टळला, म्हंजे तिच्या लेखी नवरा मेला. तू मारलंस त्याला, वॉटी. जाऊन सांगतोस तिला, जिता हाय म्हणून? त्यांच्या आयरिशमधी?"

वॉटीनं डोकं खाजवलं. आत जाऊन ओटची भाकरी घेऊन आला. "शिळी हाय."

"आण इकडं. लालनडग्याची आहे, तिला चालतंय."

कुत्रीनं भाकरी गिळली आणि मागं न बघता उत्तरेची वाट धरली.

महिन्यानं लोकरी मोजे विकत एक डोंगरी बाई आली. तिनं मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं, कुत्री पोचली. फार्करच्या बायकोनं दुखवट्याची काळी शाल पेटीतनं काढली होती, ती परत पेटीत गेली.

ग्रिझलनं त्या मोजेवालीपुढं बिअर ठेवली. म्हणाली, "हुशार आहे कुत्री. मालकावर गेली नाही ते बरं झालं."