पाटीपाशी शेवंता नव्हती

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणारी मी नव्हे. मशीन चुकलं तर आपण त्याला काय सांगितलं ते आधी बघायचं, हे शिकण्यात आणि शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. पण ही गोष्ट मी एकटीने नाही, तिघींनी ऐकलीय...

पन्नासच्या दशकाची अखेर. पिंपरीच्या एका औषधांच्या कारखान्यात रेल्वेलाइनकडच्या शेडमध्ये आमचा पंच कार्ड विभाग होता. कॉम्प्युटर हा शब्दही आम्हाला ठाऊक नव्हता. कार्डांवर भोकं पाडून नोंदलेल्या आकड्यांची बेरीज करून छापणारं एक मोठं मशीन होतं, आणि त्याला काम सांगायचं म्हणजे भोकांच्या बोर्डावर वायरी खोचायच्या — या भोकातून त्या भोकात. आजच्या भाषेत प्रोग्रॅमिंगच की. मुलींनी फक्त कार्डं पंच करायची, बोर्ड पुरुषांचा. मी बघून बघून शिकले आणि साहेबांच्या मागे लागले. शेवटी ते म्हणाले, "लीलाबाई, गुरुवारी दुपारी तुमचा बोर्ड चालवून बघू. चुकला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

आम्हा चौघींचा एक खेळ होता, मीच काढलेला. जेवणाच्या सुट्टीत लिंबाखाली बसून आपणच मशीन व्हायचं. कमल कार्ड वाचणार, चाकणची शेवंता पाटीवर बेरीज धरणार, रुक्मिणी छापणार. मी बोर्ड मांडीवर घेऊन एकेका वायरीवर बोट ठेवत सांगायचं — वाच, मिळव, छाप. नियम एकच, सांगितल्याशिवाय कुणी काही करायचं नाही. बाटल्यांची बेरीज छापली की बुचांची सुरू करण्याआधी पाटी कोरी करायला सांगावं लागे. मी विसरले की शेवंता खुशाल बाटल्यांत बुचं मिळवायची, वर ठसक्यात म्हणायची, "मला कुणी पाटी कोरी कराया सांगितलंच न्हाई."

त्या गुरुवारी शेवंता रजेवर. तिला बघायला पाहुणे यायचे होते. तिच्या जागी नुसती पाटी ठेवली, ती कमल सांभाळत होती. बाटल्यांची बेरीज झाली. कमलने आपल्या मनानेच पदराने पाटी पुसली, मी पुढचं कार्ड सांगितलं... आणि रिकाम्या जागेवरून आवाज आला,

"मला कुणी पाटी कोरी कराया सांगितलंच न्हाई."

"शेवंते, आलीस पण?" म्हणत कमल वळली. कुणी नव्हतं. रुक्मिणीचा घास हातातच राहिला. मी बोर्डाकडे बघितलं. पाटी कोरी करायची वायर खरंच नव्हती.

वायर खोचली. दुपारी मशीन धडधडत चाललं. साहेबांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "उद्यापासून बोर्डावर बसा."

दुसऱ्या दिवशी शेवंता आली ती तोंड पाडूनच. आम्ही तिला कालचं अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"लीलाक्का, काल दुपारी माझं काय बिनसलं कळंना. कपबश्या घिऊन हुबी व्हते. मुलाच्या आईनं नाव इचारलं, अन् माझ्या तोंडातनं निघालं, मला कुणी पाटी कोरी कराया सांगितलंच न्हाई."

"अगं बाई. मग?"

"मग काय, पाव्हणं च्या न पिताच गेलं."

तिचं लग्न पुढे चांगल्या घरात झालं. तरी भेटली की टोमणा ठरलेला, "माझी सोयरीक मोडून बोर्ड मिळवलास व्हय."

सवयीने कानात वाजलं असेल, असं तुम्ही म्हणाल. माझ्या एकटीच्या वाजलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. आणि तिकडे चाकणला तिच्या तोंडातून निघालं, त्याचं काय? आमच्या खेळाचा नियम, सांगितल्याशिवाय कुणी काही करायचं नाही. शेवंताला त्या दिवशी ते बोलायला कुणी सांगितलं, ते मला अजून सापडलेलं नाही.